तिळाएवढं व्हॅसलीन

७ मार्च, शुक्रवार

टपालात आज ह्यांच्या नावाचं पाकीट आलं. आत 'निळा बगळा' विमान मंडळाची सूचना, सगळ्या सभासदांना पाठवलेली. ह्यांना जाऊन उद्या एकोणपन्नास दिवस होतात. यादीतून नाव काढायला मंडळात अजून कोणाला सवड झालेली नाही. ठपका ठेवायला मात्र झाली.

सूचना जशीच्या तशी उतरवून ठेवते.

'दि. २३ फेब्रुवारी रोजी कुवाबारा यांच्या विमानाच्या डाव्या पंखाची झडप हवेत निखळली व विमान बांधावरच्या पायवाटेवर कोसळले. सुदैवाने कोणास इजा नाही. सदर झडपेच्या बिजागऱ्या कै. हिराबायाशी यांनी बसवल्या होत्या. सबब त्यांनी बसवलेल्या सर्व बिजागऱ्या काढून नव्याने बसवाव्यात. तोवर ती विमाने उडवू नयेत. मिनोउरा, अध्यक्ष.'

'सर्व' या शब्दाखाली रेघ मारली आहे. पट्टी धरून मारलेली.

मंडळात सव्वीस माणसं. दीड-दोन मीटर पंखांची, रिमोटवर उडणारी विमानं बनवतात आणि रविवारी इबी नदीकाठच्या गवतावर नेऊन उडवतात. एकेकाचं एकेक कसब. कोणाचा हात इंजिनात, कोणाचा रंगात. बिजागऱ्या ह्यांच्या. पंखाच्या मागच्या कडेला जी झडप वरखाली होते, जिच्यामुळे विमान कलतं आणि वळतं, ती चार-पाच बिजागऱ्यांवर लटकलेली असते. त्या बसवून घ्यायला तीस वर्षं लोक पंख बगलेत मारून आमच्या दारात यायचे. बिजागरी ती केवढी! अंगठ्याच्या नखाएवढ्या, बारीक भोकांच्या, नायलॉनच्या दोन पात्या, आणि त्यांच्यामध्ये गाठीतून गेलेली पिन. एक पाती पंखात, एक झडपेत. तीस वर्षांत ह्यांची एकही सुटली नाही.

मी इस्पितळाच्या औषध विभागात अडतीस वर्षं काढली. माझ्या खिडकीतून एकही पुडी चुकीची गेली नाही. काळजीने काम करणं म्हणजे काय, ते मला कोणी रेघ मारून सांगू नये.

मी रोजनिशी लिहिणारी नाही. पण राग आला की माझा आवाज जातो, लहानपणापासून. म्हणून ह्यांच्या कामाच्या वहीत मागच्या बाजूने लिहायला घेतलं आहे. पुढून ह्यांच्या नोंदी, मागून माझ्या.

८ मार्च, शनिवार

एकोणपन्नासाव्या दिवसाच्या रीतीप्रमाणे सकाळी ह्यांच्या अस्थी कबरीत ठेवल्या. जेवायला अठरा माणसं होती.

मिनोउरा-सान दहा मिनिटं आधी आले. ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. अजूनही शेजारच्या सीटवर बसून ब्रेकवर पाय ठेवल्यासारखे सगळ्या जगाकडे बघतात. कुवाबारा-सान सगळ्यांत शेवटी आले. ते ह्यांचे सगळ्यात जवळचे मित्र. स्टेशनमागे त्यांचं तातामी चटया शिवायचं दुकान आहे. पडलं ते विमान त्यांचंच.

मिनोउरांनी उदबत्ती लावली, तसबिरीपुढे व्यवस्थित वाकले, आणि जेवता जेवता विषय काढला. मंडळाची एक रीत आहे. सभासद गेला की पुढच्या एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्याचं शेवटचं विमान त्याचा मित्र उडवतो. नदीवरून एक फेरी जायची, एक यायची, मग विमान घरच्यांच्या हातात. आजवर सात जणांसाठी झाली. ह्यांची सहा एप्रिलला व्हायची. ती यंदा होणार नाही, असं मिनोउरा म्हणाले. त्या दिवशी पायवाटेवर एक बाई कुत्रा घेऊन चालली होती. नदी-कार्यालयाने एकदा जागा काढून घेतली की परत मिळत नाही. समजून घ्यावं.

मी त्यांना दुसऱ्यांदा चहा ओतला नाही.

कुवाबारा-सान ताटाकडे बघत म्हणाले, "चूक माझी होती. मी फार सुसाट खाली आणलं. कुठलीही बिजागरी तुटली असती."

"तुटली नाही, सुटली," मिनोउरा म्हणाले. "पाती अख्खी बाहेर आली. डिंकाचा एक कण नाही तिच्यावर. तुम्ही मैत्रीला जागताय ते दिसतंय, कुवाबारा-सान. पण बांधावरच्या बाईला त्याचा काय उपयोग?"

तेवढ्यात तोमीए वन्सं बोलल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण, एक्याऐंशी वर्षांच्या. "लहानपणी मोरिओ माझ्या बाहुल्यांचे हात चिकटवून द्यायचा. ते अजून सुटले नाहीत. आज सुटलंय ते तुमचं तोंड."

कोणी हसलं नाही. मग मी बोलले. मलाच माझा आवाज ऐकू येत होता.

"ह्यांचं पिवळं विमान वरच्या खोलीत आहे. पंखाच्या झडपा लावायच्या तेवढ्या राहिल्यात. त्या मी लावते. ह्यांच्या वहीप्रमाणे, ह्यांच्याच सामानाने. सहा तारखेला सगळ्यांसमोर ओढून बघा. टिकल्या तर फेरी झाली पाहिजे आणि सूचना मागे घेतली पाहिजे. लेखी."

"आणि सुटल्या तर?"

"तर ह्यांचं नाव यादीतून काढा. तसंही ते तुम्ही विसरलातच."

मिनोउरांनी मान हलवली. म्हणाले, माझा मासे तोलायचा ताणकाटा आणतो. प्रत्येक बिजागरीला पाच किलो.

१० मार्च

वही पुढच्या बाजूने वाचली. तीस वर्षांच्या नोंदी, पण कृती एवढीच:

'खाच मधोमध. पाती घासून खरबरीत. व्हॅसलीन गाठीवर, तिळाएवढं. डिंक खाचेत काडीने, पातीवर बोटाने. लगेच दहा वेळा हलव.'

व्हॅसलीन यासाठी, की दोन नळ्यांतून काढून कालवला की कडक होणारा तो डिंक गाठीत शिरला तर बिजागरी गोठून जाते.

प्रत्येक कामाखाली तारीख, मालकाचं नाव आणि एक बारीकसं वर्तुळ. वर्तुळ कशाचं ते लिहिलेलं नाही. शेवटच्या चार नोंदींना, डिसेंबर-जानेवारीच्या, वर्तुळ नाही. अक्षरही तिरकं गेलं आहे. मागच्या उन्हाळ्यापासून ह्यांचे हात कापत होते. मंडळात कोणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. गोळ्या मीच आणायचे, दुसऱ्या गावच्या दुकानातून.

वर्तुळं विसरले असतील. त्यावरून कोणी काही म्हणू नये.

१५ मार्च

पाच दिवस नुसत्या खाचा कापते आहे, रद्दी लाकडावर. बाल्साचं लाकूड पावासारखं मऊ असतं. पातं जरा तिरकं गेलं की फळीच्या पोटातून बाहेर येतं. आज सतरावी खाच सरळ आली. डाव्या तर्जनीला कापलं, दोनदा, एकाच जागी.

ह्यांना किती सोपं वाटायचं. रेडिओ ऐकत करायचे. त्याचाही राग आला.

संध्याकाळी वन्संचा फोन. काय जेवलीस विचारलं. भात, भाजलेला मासा, मुळ्याचं लोणचं, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं तो गाडीवाला मास्तर तुला चावला. फेब्रुवारीत तू निम्मी वाटी खात नव्हतीस."

मी म्हटलं, मी कोणावर रागावून जेवत नाही. त्या म्हणाल्या, हो का.

१८ मार्च

रद्दीच्या दोन फळ्यांना मधे तीन बिजागऱ्या घालून नमुना केला. झडप अलगद हलते, फट सगळीकडे केसाएवढी. तारीख घालून फडताळावर ठेवला.

बिजागऱ्या तयार करणं हे तर माझंच काम होतं. डिसेंबरात एका सकाळी ह्यांच्या हातातून काडी तीनदा पडली. मी काही न बोलता ताटली माझ्याकडे ओढली. त्यानंतर ह्यांनी केलेल्या त्या शेवटच्या चारही पंखांच्या बिजागऱ्यांना व्हॅसलीन मी लावलं, स्वयंपाकघरात, इस्पितळातल्यासारखा पांढरा रुमाल पसरून. थंडीत ते घट्ट होतं, काडीला नीट येत नाही. मग मी छोट्या वाटीत स्टोव्हवर कोमट करायचे. पाण्यासारखं झालं की बिजागरीची गाठ त्यात बुडवायची. आपोआप आतपर्यंत शिरतं. पात्यांवर ओघळलेलं मऊ कागदाने पुसून घ्यायचं. दिसायला कोरी करकरीत. तिळाएवढं वगैरे अंदाजाचं काम मला जमत नाही. औषध कोपऱ्या-कोपऱ्यात पोचलं पाहिजे.

हे म्हणायचे, नोबुएच्या बिजागऱ्या कुरकुरत नाहीत.

एवढं ऐकायला मिनोउरा असायला हवे होते.

२० मार्च

आज पंख केला. उजवीकडे चार, डावीकडे चार. मधेच कुवाबारा-सान आले, सुक्या काकी फळाची वडी घेऊन. मी हात थांबवू शकत नव्हते, म्हणून त्यांना स्वयंपाकघरातच बसवलं. डाव्या पंखाच्या बिजागऱ्या बुडवायच्या होत्या. स्टोव्हवर वाटी होती.

ते बराच वेळ बघत होते.

"वहिनी, हे असं गरम करून… मोरिओ-सान करायचे?"

"ते कुठले. डिसेंबरपासून मीच करत होते. ह्यांना बारीक कामाचा कंटाळा यायला लागला होता."

खोटं बोलले. हातांचं सांगायचं नाही, असं ठरलेलं होतं.

"किती पंखांना?"

"चार. तुमचा त्यातलाच."

त्यांनी कप खाली ठेवला. वडीचा तुकडा तसाच राहिला. मी पुसून ठेवलेली एक बिजागरी त्यांनी उचलली, अंगठ्याने पातीवरून हात फिरवला, पुन्हा रुमालावर ठेवली. त्यांचे अंगठे तातामीचा जाड दोरा ओढून ओढून कासवाच्या पाठीसारखे झालेत. म्हणाले, गार लावलं तरी चालतं, वहिनी. थोडंसंच लावलं तरी चालतं.

मला ते लागलं. तीस वर्षं चहा प्यायले या घरात, आणि बाईच्या हातात ताटली दिसली तर एवढं तोंड पाडायचं? मी म्हटलं, ज्याचा त्याचा धर्म, तुम्ही तातामीला दोरा ओवता तेव्हा मी सांगायला येते का?

ते म्हणाले, नाही येत. आणि गेले. निरोप घेताना तसबिरीपुढे इतका वेळ बसले की शेवटी मी दिवा लावायला उठले.

२३ मार्च

कुवाबारा-सान पंख मागायला आले. झडपा हलवणाऱ्या मोटरी आणि तारा बसवायच्या आहेत. ते मला येत नाही, हे खरं आहे. दिला. पण बजावून सांगितलं की बिजागऱ्यांना हात लावायचा नाही.

"माझं काम तेवढं करतो," ते म्हणाले.

हल्ली माझ्याकडे बघून बोलत नाहीत.

२६ मार्च

पंख परत आला. मोटरी छान बसवल्यात. पिवळ्या आवरणावर एक ओरखडा नाही. मी आभार मानले, चहा विचारला नाही.

६ एप्रिल, रविवार

क्रमाने लिहिते.

नऊला नदीवर पोचलो, मी आणि वन्सं. इबुकी डोंगरावर अजून बर्फाची रेघ होती, पण वारा नव्हता. सव्वीसातले चोवीस आले होते. माझ्याशी फार कोणी बोललं नाही. मिनोउरांनी दुमडती खुर्ची आणली होती वन्संसाठी. वन्सं म्हणाल्या, मी उभी राहीन, बसल्यावर माणसं लहान दिसत नाहीत.

पंख टेबलावर उलटा धरला. मिनोउरांनी ताणकाटा झडपेला अडकवला, पहिल्या बिजागरीपाशी. ओढला. दोन. तीन. चार. पाच. काही झालं नाही. दुसरी. तिसरी. ते आठही ठिकाणी गेले, आणि मी आठही वेळा काट्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटच्या बिजागरीला त्यांनी सातपर्यंत ओढलं. तिथे लाकूड करकरलं, पण बिजागरी जागची हलली नाही.

मग मिनोउरा-सान टोपी काढून माझ्यापुढे वाकले. कमरेत पूर्ण. "हिराबायाशी-सान, आम्ही मृत माणसावर अन्याय केला. सूचना आज मागे घेतली."

अशा वेळी 'डोकं वर घ्या' असं लगेच म्हणायचं असतं. मी म्हटलं नाही. मनात मोजत होते. सत्तावीसला वन्संनी मला कोपर मारलं, तेव्हा म्हटलं.

कुवाबारा-सानांनी विमान उडवलं. पिवळं गवतावरून सुटलं, पाण्यावरून गेलं, पलीकडच्या वेळूपाशी कलून वळलं आणि परत आलं. त्या झडपा इथून दिसतसुद्धा नाहीत. आवाज मात्र ह्यांच्या वरच्या खोलीतल्या पंख्यासारखा होता. उतरल्यावर त्यांनी विमान माझ्या हातात दिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी फक्त 'झालं' म्हटलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. दोन वाट्या भात खाल्ला.

७ एप्रिल

विमान टांगण्याआधी पुसायला घेतलं. पंखाच्या खालच्या बाजूला, झडपेच्या कडेला, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके आहेत. बिजागरीमागे दोन, अशा आठ जोड्या. झडपेवरही तसेच. पिवळ्या रंगाने बुजवलेले. नखाने खरवडला, तर आत बांबू.

दात कोरायच्या काड्या. आरपार भोक पाडून, पातीतून काडी घालून, कापून घासलेली. ज्यांचा डिंकावर विश्वास नसतो ते असे खिळे मारतात. ह्यांना याचा तिटकारा होता. म्हणायचे, चांगल्या लग्नाला साखळी लागत नाही.

हे कुवाबारा-सानांचं काम. तीन दिवस पंख त्यांच्याकडे होता.

म्हणजे काल टिकलं ते काय? ह्यांचं काम, का त्यांच्या काड्या? माझं जिंकणं त्यांनी चोरलं. मिनोउरांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, ते निदान तोंडावर. हा माणूस तीस वर्षांचा मित्र म्हणवतो आणि पाठीमागून आम्हाला आधाराच्या काठ्या लावतो.

उद्या जाणार आहे. फडताळावरचा नमुना घेऊन. त्यांच्यासमोर त्यांनीच तो ओढावा. त्यात काड्या नाहीत.

८ एप्रिल

गेले होते. जे झालं ते लिहिते.

दुकानात ओल्या गवताचा वास होता. ते गुडघ्यावर चटई घेऊन काठ शिवत होते. मी नमुना त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "ओढा."

त्यांनी तारीख वाचली. "नको, वहिनी."

"भीती वाटते? ह्यांची पद्धत काड्यांशिवाय टिकते हे बघायची भीती वाटते?"

"मोरिओ-सानांची टिकते. मला माहीत आहे."

"मग ओढा."

"वहिनी, घरी जा. विमान उडालं. सूचना गेली. पुरे ना आता."

मी नमुना उचलला, एका हातात एक फळी, दुसऱ्यात दुसरी, आणि ओढलं. मी पासष्ट वर्षांची आहे, माझं वजन बेचाळीस किलो आहे. मला जोरही लावावा लागला नाही. तिन्ही पात्या खाचांतून निघाल्या, पिकल्या फळातून बी निघते तशा. स्वच्छ. चकचकीत. खाचेत डिंकाचा साचा उरला होता, पातीवरच्या भोकांच्या छोट्या उठावांसकट, आणि तेही तेलकट चमकत होते.

व्हॅसलीन कोमट केलं की पसरतं. पुसलं तरी पापुद्रा राहतो. हे मला माहीत आहे. मलम लावलेल्या कातडीवर चिकटपट्टी बसत नाही, हे मी अडतीस वर्षं खिडकीतून लोकांना सांगत आले.

त्यांनी सुई टोचून ठेवली आणि बसायला उशी सरकवली. मी बसले नाही.

मग त्यांनी सांगितलं. विमान पडलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, मोरिओ-सानांचा हात. कंप त्यांना कधीच कळला होता, पेला दोन्ही हातांनी धरायला लागले तेव्हाच. म्हणून 'मी सुसाट आणलं' म्हणाले. मग वीस तारखेला आमच्या स्टोव्हवर ती वाटी बघितली. पंख घरी नेला, ओढला, आठही बिजागऱ्या हातात आल्या. स्पिरिटने धुऊन, घासून पुन्हा बसवल्या, वर काड्या घातल्या. बाकीचे तीन पंखही, डिसेंबर-जानेवारीचे, 'माप घ्यायचंय' म्हणून मालकांकडून मागून आणले आणि तसेच केले.

"मला का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही चिडलेल्या होतात."

"म्हणून घाबरलात?"

"नाही. चिडलेल्या होतात तेव्हा जेवत होतात. तोमीए-सान मला फोन करून सांगायच्या, आज काय काय खाल्लं ते."

मी विचारलं, वहीतलं ते वर्तुळ कशाचं.

त्यांनी गुडघ्यावरची चटई बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ओढून बघितल्याचं. दुसऱ्या दिवशी डिंक पक्का झाला की ते प्रत्येक झडप धरून ओढायचे. टिकली की गोल. स्वतःच्या हातचंसुद्धा सोडायचे नाहीत."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांचा, वन्संचा, सगळ्यांचा. मी आजारी नाही. मला चमच्याने भरवल्यासारखा राग भरवत होते.

नमुना तिथेच टाकून आले.

९ एप्रिल

इस्पितळात नियम होता. पुडी चुकली, रोग्याला काही झालं नाही, तरी अहवाल लिहायचा. काय दिलं, काय द्यायला हवं होतं, कोणी, केव्हा, कसं लक्षात आलं. लाल शाईने, स्वतःचं पूर्ण नाव घालून. दुसऱ्याच्या नावावर चूक ठेवणं हे चुकीपेक्षा मोठं मानत. मला तो कागद कधी भरावा लागला नव्हता. लोकांनी भरलेले मी तपासायचे, आणि, आज लिहिते, मनातल्या मनात त्यांना हसायचे.

सकाळी मिनोउरांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. सुरुवातीला त्यांचा विश्वास बसेना. मग वहीतून चारही पंखांच्या मालकांची नावं वाचून दाखवली, तेव्हा बसला. म्हणाले, "पण आता कोणाला धोका नाही. विषय मिटलाय. आणि तुम्ही तर मंडळाच्या सभासदही नाही."

मी म्हटलं, तुम्ही माझ्यापुढे वाकलात आणि मी सत्तावीसपर्यंत मोजलं. ते परत कसं घेऊ?

"मी तीसपर्यंत वाकणारच होतो," ते म्हणाले.

हा माणूस विनोद करतो हे मला माहीत नव्हतं. पण मी ऐकलं नाही. सव्वीस प्रती, सव्वीस पाकिटं. ते म्हणाले, पंचवीस, मोरिओ-सानांचं नाव आता काढू. मी म्हटलं, सव्वीस. सूचना त्यांच्या नावाने आली होती, अहवालही त्यांच्या नावाने आला पाहिजे.

दुपारी कुवाबारा-सान दारात आले. मिनोउरांनी कळवलं असणार. "वहिनी, पाठवू नका. मोरिओ-सानांचं नाव सुटलं ना आता? त्यांना काय हवं होतं? तुमच्यावर बोट येऊ नये, एवढंच."

"तुम्हाला काय माहीत त्यांना काय हवं होतं."

"तीस वर्षं बोलत होतो त्यांच्याशी."

"मी त्रेचाळीस."

त्यांनी पायातल्या चपलांकडे बघितलं. मग पाकिटं मागितली. टपालपेटी त्यांच्या वाटेवर आहे. दिली. ते ती टाकतील का, असा क्षणभर संशय आला, आणि मी चपला घालून त्यांच्याबरोबर पेटीपर्यंत गेले. पेटीत त्यांनी एकेक पाकीट टाकलं, मी मोजलं.

१२ एप्रिल

ह्यांच्या नावाचं पाकीट आज आलं. मीच उघडलं.

'अहवाल. डिसेंबर ते जानेवारी या काळात चार पंखांच्या बिजागऱ्यांना व्हॅसलीन गरम करून लावल्याने ते पात्यांवर पसरले व डिंक धरला नाही. कृतीत तिळाएवढे लिहिले होते. हे काम हिराबायाशी मोरिओ यांचे नाही. त्यांनी स्वतः तयार करून बसवलेली एकही बिजागरी सुटलेली नाही. काम करणारी व्यक्ती: हिराबायाशी नोबुए.'

वहीत ठेवायला गेले. ह्यांची पानं आणि माझी पानं यांच्यामध्ये आता चारच कोरी उरलीत. ह्यांच्या शेवटच्या चार नोंदी पुन्हा बघितल्या. तारीख, नाव, आणि जिथे गोल असायचा तिथे पेन्सिल टेकवल्याचा एक ठिपका. चारही ठिकाणी. म्हणजे विसरले नव्हते. पेन्सिल टेकवली होती आणि उचलली होती.

जोर नव्हता असं म्हणू नका. जानेवारीच्या दहा तारखेला लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण तुम्हीच उघडून दिलं होतं. स्वतःच्या हातचं तीस वर्षं ओढलंत. अध्यक्षांच्या हातचं ओढलं असतंत. माझं तेवढं नाही ओढलंत. माझ्या हातचं म्हणून.

तुम्ही एकदा ओढून बघायचं होतं.